मॉरिशसहून पेट बाटल्यांच्या गाठी न्हावा शेवाला पाठवता येतील का?

बेलमार_नितीन

मंडळी, मॉरिशसच्या फ्लाक जिल्ह्यातल्या एका संकलन गटासाठी विचारतोय. काही गावं, शाळा आणि किनाऱ्यावरची हॉटेलं यांच्याकडून सुका कचरा वेगळा येतो. महिन्याला साधारण १० टन पेट (पाणी-सरबताच्या प्लास्टिकच्या) बाटल्या, ३ टन एचडीपीई (शाम्पू, डिटर्जंटचे डबे) आणि त्याशिवाय बरीच पातळ फिल्म जमते. उभा हायड्रॉलिक प्रेस आहे, गाठी (दाबून बांधलेले गठ्ठे) ११० × ११० × १२० सेंमीच्या निघतात.

आजवर इथलं पेट बरंचसं दक्षिण आफ्रिकेला जात आलंय. आता भिवंडीचा एक व्यापारी म्हणतो की भारतातून भरून आलेले कंटेनर पोर्ट लुईहून रिकामे परततात, त्यामुळे न्हावा शेवाचं भाडं स्वस्त पडेल आणि दरही तो बरा देईल. कागदपत्रांचं "बघून घेऊ" म्हणतो.

माझे प्रश्न असे: भारतात हा माल कायदेशीररीत्या उतरतो का? गाठींचा दर्जा कसा सांभाळायचा? फिल्मचं काय करायचं? आणि ग्रामपरिषदेतले लोक म्हणतात की यामुळे मार शिकोजच्या भरावभूमीवरचा (कचरा पुरायच्या जागेवरचा) ताण कमी होईल, ते कितपत खरं आहे?

शेवा_कस्टम्स

नितीनराव, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही. त्या व्यापाऱ्याला "बघून घेऊ" वर सोडू नका.

भारतात प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीला २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनी चौकट आहे. विशेष आर्थिक क्षेत्रं आणि निर्यातप्रधान कारखान्यांना काही काळ सवलत होती. १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने तीही काढली आणि घन प्लास्टिक कचरा आयातबंदीच्या परिशिष्टात गेला. त्यानंतर कुणा कारखान्याला खास परवानगी मिळालेली असली, तर ती त्या कारखान्याच्या नावावर, ठराविक मालासाठी आणि ठराविक वजनापुरती असते. व्यापाऱ्याला ती "वापरायला" मिळत नाही. म्हणून पर्यावरण मंत्रालयाची परवानगी आणि परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना, दोन्हींची प्रत हातात आल्याशिवाय एकही गाठ कंटेनरमध्ये चढवू नका. त्यावरचं नाव आणि बिल ऑफ लेडिंगवरचं (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरचं) माल घेणाऱ्याचं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे.

बेकायदा ठरलेला माल आयातदाराने आगमनापासून ९० दिवसांत स्वखर्चाने परत पाठवायचा, असं भारताचा नियम सांगतो. प्रत्यक्षात माल अडकला की आयातदार फोन उचलत नाही. कंटेनर यार्डात पडून राहतो, डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार) आणि जागाभाडं रोज चढतं, आणि शिपिंग लाइन पाठवणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या गटाच्या मागे लागते. त्यावर कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरचा बाझल करारही आहेच: निर्यातदाराच्या चुकीने बेकायदा ठरलेला माल निर्यात करणाऱ्या देशाने कळवल्यापासून ३० दिवसांत परत घ्यायचा असतो. म्हणजे मॉरिशस सरकारलाही त्यात ओढल्यासारखं होईल.

बाझलच्या यादीत १ जानेवारी २०२१ पासून प्लास्टिकचे तीन कप्पे आहेत. घातक घटक असलेलं ते ए ३२१०. एकाच प्रकारचं, जवळपास स्वच्छ आणि खरोखर पुनर्चक्रीकरणाला जाणारं ते बी ३०११. पॉलिथिलिन, पॉलिप्रॉपिलिन आणि पेट यांचं मिश्रणही बी ३०११ मध्ये बसतं, मात्र प्रत्येकाचं वेगवेगळं पुनर्चक्रीकरण होणार असेल तरच. त्यामुळे पेट बाटलीला टोपण असलं तरी अडत नाही. बाकी सगळं, म्हणजे मळकं, मिश्र, घरगुती कचऱ्यातून वेचलेलं, ते वाय ४८. वाय ४८ साठी निघण्याआधी आयात करणाऱ्या आणि वाटेतल्या देशांची लेखी संमती लागते. वाटेतल्या देशाला उत्तरासाठी ६० दिवस असतात. वाटेत दुसऱ्या देशाच्या बंदरात जहाज बदलणार असेल तर तोही "वाटेतला देश" झाला, हे बुकिंग करतानाच बघा.

"जवळपास स्वच्छ" म्हणजे किती, याचा आकडा बाझलमध्ये नाही. युरोपीय संघाने निर्यातीसाठी २ टक्के धरलाय. तोच धरून चाला. तपासणी अधिकाऱ्यासमोर मांडायला काहीतरी मोजलेलं असावं.

दक्षिण आफ्रिकेसाठीही खरेदीदाराकडे तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार प्रशासन आयोगाचा आयात परवाना असावा लागतो. भंगार आणि टाकाऊ माल तिथे परवान्यावरच येतो. शिवाय बुकिंगच्या वेळी शिपिंग लाइनचं धोरण विचारा. सीएमए सीजीएम या फ्रेंच शिपिंग कंपनीने १ जून २०२२ पासून प्लास्टिक कचरा वाहणं बंदच केलंय, आणि हिंदी महासागरातल्या बेटांना त्यांची जहाजं बरीच लागतात. मालाचं वर्णन "प्लास्टिक रॉ मटेरियल" असं लिहून वेळ मारून नेऊ नका. सीमाशुल्क यादीतलं टाकाऊ प्लास्टिकचं शीर्षक ३९१५ म्हणजे ३९१५.

गाठ_आणि_दाणा

कायद्याचं वर आलंच आहे, मी गाठींकडे वळतो. नितीनराव, तुमच्या मापाची गाठ चाळीस फुटी हाय क्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरमध्ये चांगली बसते: रुंदीत दोन, उंचीत दोन, लांबीत दहा, एकूण ४०. दाराची उंची साधारण २.५८ मीटर असते, त्यामुळे १२० सेंमीवर १२० सेंमी ठेवून फोर्कलिफ्टला हालचालीपुरती जागा उरते. गाठ सुटून १३० झाली की वरची ओळ आत जात नाही.

सगळं गणित घनतेवर आहे. तुमच्या गाठीचं आकारमान १.४५ घनमीटर. घनता २०० किलो प्रति घनमीटर असेल तर गाठ २९० किलोची आणि कंटेनर साडेअकरा टनांचा. घनता ३५० वर नेलीत तर गाठ ५०० किलोच्या वर आणि कंटेनर २० टनांचा. भाडं दोन्हीला तेवढंच. किलोमागचं भाडं जवळपास निम्म्यावर येतं, आणि एवढा फरक भिवंडी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या दरात पडणार नाही.

घनता न येण्याचं मुख्य कारण टोपण लावलेल्या बंद बाटल्या. आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि प्रेसची प्लेट वर गेली की गाठ स्प्रिंगसारखी उसळते. तारा ताणून तुटतात, क्वचित माणसाच्या तोंडावर येतात. उपाय दोन: टोपण काढून घेणं, किंवा प्रेसच्या आधी खिळ्यांच्या रोलरचं छिद्रयंत्र बसवणं. १० टनांना हाताने टोपणं काढत बसणं परवडत नाही, यंत्रच घ्या. प्रेस भरताना एकदम लोट टाकू नका. थोडं भरा, दाबा, प्लेट दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग पुढचा थर. बांधायला ३ मिमीच्या वरची पोलादी तार किंवा पॉलिएस्टर पट्टी वापरा, पाच-सहा फेरे. पॉलिप्रॉपिलिनची पट्टी उन्हात लवकर ठिसूळ होते आणि बंदरात गाठ फुटते.

आता आतला माल. पारदर्शक आणि फिकट निळी एकत्र चालते, हिरवी वेगळी, बाकी रंग वेगळे. दुधासारखी पांढरी अपारदर्शक पेट बाटली पारदर्शकमध्ये कधीच नको, तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पुढे वितळवून केलेला सगळा दाणा धुरकट करतो. तेलाच्या बाटल्या अलग ठेवा.

सगळ्यात घातक पीव्हीसी. पेटची घनता १.३८ च्या आसपास आणि पीव्हीसीची १.३ ते १.४, त्यामुळे पाण्याच्या टाकीत टोपणं तरंगून वेगळी होतात, पण पीव्हीसी पेटबरोबर तळाला बसतं. पुढे २७० ते २८० अंशांवर पेट वितळवलं की पीव्हीसी जळतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. दहा लाखांत शंभर भागसुद्धा माल बिघडवायला पुरतात. टनात १०० ग्रॅम, म्हणजे तीन-चार बाटल्या. खरेदीदार गाठ फोडून बघतो ते याचसाठी.

ओळखायचं कसं? बाटलीचं बूड बघा. पेटच्या बुडाला मधोमध एक गोल ठिपका असतो, पीव्हीसी बाटलीच्या बुडाला आडवी शिवण असते. घडी घातली तर पीव्हीसीवर पांढरा ओरखडा उमटतो. शंका राहिली तर तांब्याची तार लाल तापवा, तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर करा, धूर हुंगू नका. पूर्ण बाटलीभर चढवलेली आकसणारी लेबलंही बऱ्याचदा पीव्हीसीची असतात. ती फाडूनच गाठीत घ्या.

मॉरिशसपुरता आणखी एक मुद्दा. १५ जानेवारी २०२१ पासून तिथे एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर नियंत्रण आलं आणि "जैवविघटनशील" पेले-डबे वाढले. त्यातले पारदर्शक पेले बऱ्याचदा पीएलएचे (वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकचे) असतात आणि हुबेहूब पेटसारखे दिसतात. घनता १.२४, म्हणजे तेही पाण्यात बुडतात. पेटचे फ्लेक्स (बाटल्या दळून केलेले तुकडे) १६० ते १८० अंशांवर वाळवताना पीएलए मऊ होऊन चिकटतं आणि ड्रायरमध्ये गोळे धरतं. हॉटेलांकडून येणाऱ्या पिशव्यांत पेले दिसले की सरसकट बाजूला काढा. गाठीत फक्त बाटल्या.

बेलमार_नितीन

दोघांचेही आभार. पुढचं विचारतो: कंटेनर भरायला दोन महिने लागणार, तोवर गाठी बाहेर ठेवल्या तर चालतील का? आणि इथेच फ्लेक्स करून पाठवले तर ते "कचरा" राहत नाहीत असं एकाने सांगितलं.

गाठ_आणि_दाणा

बाहेर नको. पाणी साचतं, खरेदीदार ओलाव्याची घट कापतो, आणि बाटल्यांत साचलेल्या पाण्यात एडिस डास होतात. २०२४ च्या सुरुवातीला तिथे डेंग्यूची मोठी साथ होती, तेव्हा आरोग्य खात्याचं लक्ष अशा जागांवर असणारच. छप्पर, खाली पॅलेट, ओळींमध्ये माणूस आणि होजपाइप जाईल एवढी वाट. चक्रीवादळाच्या मोसमात सुट्या बाटल्यांचा ढीग ठेवूच नका, आल्या दिवशी दाबा.

फ्लेक्सचा विचार करताना आधी पाण्याचा हिशेब करा. १२ मिमीच्या जाळीचा ग्राइंडर, तरंग-टाकी, मग ८० ते ८५ अंशांवर दीड-दोन टक्के कॉस्टिक सोड्याची गरम धुलाई, दोनदा खळबळणं, सेंट्रिफ्यूज. टनामागे दोन-तीन घनमीटर पाणी सहज जातं. निघणारं पाणी अल्कलीयुक्त, त्यात लेबलचा डिंक, शाई आणि बारीक प्लास्टिकचा चुरा. ते उदासीन करून, गाळून मगच सोडता येतं. गाळणी न बसवता तो चुरा नाल्यातून प्रवाळाच्या खाडीत जाऊ देणं म्हणजे बाटली किनाऱ्यावर फेकण्यापेक्षा वाईट, कारण बाटली निदान उचलता येते. महिन्याला १० टनांवर हा संच चालवायला मनुष्यबळ आणि डिझेल परवडेल असं मला वाटत नाही. बेटावरचे चार-पाच गट एकत्र आले तर वेगळी गोष्ट.

शेवा_कस्टम्स

"फ्लेक्स म्हणजे कचरा नाही" हे अर्धवट खरं आहे. सीमाशुल्काच्या ३९ व्या प्रकरणात तळटीप ७ म्हणते की एकाच थर्मोप्लास्टिकचा टाकाऊ माल प्राथमिक रूपात आणला असेल तर तो ३९१५ मध्ये मोडत नाही. तळटीप ६ मध्ये प्राथमिक रूपांत दाण्यांबरोबर फ्लेक्सही आहेत. म्हणून धुतलेल्या पेट फ्लेक्सना ३९०७ (पेटच्या कच्च्या मालाचं शीर्षक) लावणारे आहेत आणि त्यावर हरकत घेणारे अधिकारीही आहेत. आयातदाराने सीमाशुल्क खात्याकडून आधीच आगाऊ निर्णय मागून घेतलेला असेल तरच त्या वाटेने जा. वितळवून केलेल्या दाण्यांबाबत वाद कमी होतो. आणि सीमाशुल्काचं शीर्षक बदललं म्हणून पर्यावरण खात्याची व्याख्या आपोआप बदलत नाही, ते प्रकरण स्वतंत्र चालतं.

कंटेनर भरताना रिकामा, पाव, अर्धा, पूर्ण आणि सील लावलेला असे फोटो काढा, कंटेनर क्रमांक दिसेल असे. गाठनिहाय वजनाची यादी ठेवा. २०१६ च्या जुलैपासून कंटेनरचं प्रमाणित एकूण वजन देणं सक्तीचं आहे, ते आकडे गाठींच्या यादीशी जुळले पाहिजेत. मॉरिशसमध्ये पेटच्या निर्यातीवर किलोमागे परताव्याची सोय आहे, तिथेही वजनकाट्याची पावती आणि निर्यात बिल यांत फरक निघाला की अर्ज अडतो.

अजून एक सावधगिरी. कुणी उलटा प्रस्ताव आणला, म्हणजे "युरोपातून गाठी येतील, पोर्ट लुईच्या फ्रीपोर्टमध्ये (करमुक्त बंदरक्षेत्रात) निवडून पुढे पाठवू", तर स्वीकारू नका. श्रीलंकेत २०१७ ते २०१९ मध्ये ब्रिटनहून २६३ कंटेनर असेच आले होते, कागदावर वापरलेल्या गाद्या-गालिचे. आत रुग्णालयाचा कचराही निघाला. ते परत पाठवायला २०२२ उजाडलं, तेही न्यायालयात गेल्यावर. छोट्या देशात असा माल पडून राहिला तर ठेवायला दुसरी जागाच नसते.

मृदुला_कंपोस्ट

नितीन, चौथ्या प्रश्नावर स्पष्ट लिहिते, कारण ग्रामपरिषदेला चुकीची आशा दाखवली तर पुढे तुमच्याच कामावरचा विश्वास उडेल.

मार शिकोज ही मुख्य बेटावरची एकमेव शास्त्रीय भरावभूमी, १९९७ पासून चालू. रोश ब्वा, सें मार्तें, पूद्र दोर, ला ब्रासरी आणि ला लोरा या पाच हस्तांतरण केंद्रांतून कचरा दाबून तिकडे जातो. रोजची आवक १,४०० ते १,५०० टनांच्या घरात आहे. तुमचा २० टनांचा कंटेनर मापाला धरला तर रोजचे सुमारे ७५ कंटेनर. तुमचं महिन्याचं पेट तिथल्या महिन्याच्या आवकेत दहा हजार टनांमागे दोन-सव्वादोन टन भरतं. ते काम जरूर करा, बाटल्या ओढ्यात आणि लगूनमध्ये जात नाहीत हे फार मोठं आहे. पण भरावभूमीचं आयुष्य त्याने वाढत नाही.

तिथला निम्म्याहून जास्त कचरा ओला आणि बागेचा आहे. आग्नेयेकडचा तो भाग पावसाचा. ओला कचरा आणि पाऊस मिळून लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, तयार होतं, ते गोळा करून टँकरने प्रक्रियेला न्यावं लागतं. मिथेनही त्याच ओल्या कचऱ्यातून. ढिगाला आगी लागतात त्यातही त्याचा हात असतो. तेव्हा ताण कमी करायचा असेल तर ज्या गावांतून तुम्ही बाटल्या उचलता तिथूनच ओला कचरा वेगळा उचला. गाडी, माणसं, घरांशी ओळख हे सगळं आधीच आहे.

हॉटेलचं खरकटं आणि छाटलेल्या फांद्या ही जोडी चांगली जमते. खरकट्यात नत्र जास्त, फांद्यांच्या भुग्यात कर्ब जास्त. कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० ला एक आणा. आकारमानाने एक भाग खरकटं आणि दोन-अडीच भाग भुगा, इथून सुरुवात करा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) मिळाली तर उत्तम. ढीग दीड मीटर उंच, तीन मीटर रुंद. ओलावा ५० ते ६० टक्के: मूठभर माल घट्ट पिळला तर एखाद-दोन थेंब यावेत, धार लागू नये. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर १५ दिवस राहिलं पाहिजे आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पुढे सहा-आठ आठवडे मुरवणं. उंचावरच्या पावसाळी भागात छप्पर लागेलच, फ्लाकच्या किनारी भागात निदान झाकायला जाळीदार कापड. दुर्गंधी सुटली तर बहुतेक वेळा ओलावा जास्त किंवा भुगा कमी, पलटी मारा आणि भुगा घाला.

मिश्र कचरा आणून त्यातून कंपोस्ट काढायच्या फंदात पडू नका. काचेचे कण आणि प्लास्टिकच्या चिंध्या चाळणीतूनही जातात, आणि असं खत ऊस शेतकरी एकदा घेऊन दुसऱ्यांदा घेत नाही.

बेलमार_नितीन

मृदुलाताई, इथे एक आक्षेप येतो: मार शिकोजला वायूपासून वीज बनते, ओला कचरा काढला तर वायू कमी होईल.

मृदुला_कंपोस्ट

होईल, पण हळूहळू. आधी पुरलेला माल अजून बरीच वर्षं वायू देत राहतो. शिवाय भरावभूमीतला सगळा वायू विहिरींत येत नाही, उघड्या भागातून बराच हवेत जातो. तिथे जागा हा सगळ्यात महाग माल आहे. थोड्या विजेसाठी ती खर्च करणं मला पटत नाही.

गाठ_आणि_दाणा

फिल्म आणि एचडीपीई राहिलं होतं. हॉटेलच्या मालसाठ्यातली स्वच्छ, पारदर्शक स्ट्रेच फिल्म उगमावरच वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा. ती कोरडी आणि बिनलेबलची असेल तर गाठ करून विकली जाते. घराघरांतून आलेली फिल्म मात्र ओली, वाळूची आणि अनेक थरांची असते. चिप्सची पाकिटं तर मुळीच चालत नाहीत. अशा फिल्मला बाजार नाही, निर्यातीत घातलीत तर सगळा कंटेनर वाय ४८ होतो. आज तिची जागा भरावभूमीच आहे, हे गावात सरळ सांगा आणि तिच्यासाठी वेगळा डबा ठेवू नका.

एचडीपीई ३ टनांसाठी निर्यातीच्या मागे लागू नका, स्थानिक ग्राइंडरवाल्याला द्या. एवढं पाहा की बाटल्या आणि क्रेट-टोपणं एकत्र दळली जाणार नाहीत. वितळल्यावर बाटलीचा माल घट्ट वाहतो, क्रेटचा पातळ. दोन्ही मिसळले की पाइपवाला किंवा क्रेटवाला, कुणालाच तो साच्यात चालत नाही. पोती वेगळी, पोत्यावर रंग आणि प्रकार खडूने नाही, मार्करने. पावसात खडू जातो आणि मग पुन्हा निवडायला बसावं लागतं.